मुकी गाठ

दारावर थाप पडलीच नाही. दार थेट आत आलं, वरच्या बिजागरीतून उखडून, आणि त्याच्या मागोमाग पाच माणसं. चौघांच्या खांद्यावर दुकानाच्या शटरचा पत्रा होता आणि पत्र्यावर माणूस होता. पाचव्याच्या हातात टॉमी होती, ट्रकचं चाक खोलायची हातभर लांब लोखंडी कांब. तिच्या टोकाला कुणाचे तरी केस चिकटलेले होते.

हाडवैद्य आजोबा बाकावर बसून कापडाच्या पट्ट्या गुंडाळत होते. वय चौऱ्याहत्तर, पैकी साठ वर्षं याच बाकावर गेलेली. त्यांनी आधी पत्र्यावरच्या माणसाचा पाय बघितला. सवयच ती, माणूस कोण, कुठला, कुणाच्या बाजूचा, हे सगळं मागून. पाय गुडघ्याखाली वीतभरावर जिथे वळायला नको तिथे वळला होता, आणि पाऊल भलत्याच दिशेला बघत होतं. मग त्यांनी टॉमीवाल्याकडे बघितलं आणि हातातली पट्टी सुटली. ती उलगडत उलगडत पार पडलेल्या दारापर्यंत गेली.

त्या माणसाच्या सदऱ्याची उजवी बाही रिकामी होती. कोपराच्या वर पिन लावून दुमडलेली.

त्याला सगळे डावरा म्हणत. जन्माने तो डावरा नव्हता. बारा वर्षांचा असताना भिंतीवरून पडला, उजवा हात मनगटाच्या वर मोडला, आणि त्याच्या आईने त्याला याच बाकावर आणून बसवलं. आजोबांनी हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या, गाठ मारली आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. चार दिवसांनी हात काळा पडला होता. हाताला वास येत होता. मोठ्या इस्पितळात तो कोपराच्या वरून कापला. त्याला तीस वर्षं झाली. आजोबा म्हणाले होते की हाडच खोटं निघालं, देवाची इच्छा. आणि हे त्यांनी कुणाला फसवायला म्हटलं नव्हतं. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. देवाच्या खात्यावर आपण काय काय ढकलतो, ते त्या बिचाऱ्यालाच माहीत.

मागून आतल्या खोलीतून त्यांची नात धावत आली. ही पुलापलीकडच्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स. एका दिवसाच्या रजेवर घरी आली आणि अडकली. कारण गेले तीन दिवस वरच्या ट्रकतळावरची आणि खालच्या ट्रकतळावरची माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. पहिल्या दिवशी दगड झाले. दुसऱ्या दिवशी डिझेलच्या बाटल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या सकाळी, पुलावर एक बस आडवी घालून पेटवली होती, आणि तिच्याजवळ जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचीही काच फोडली होती. भांडण कशावरून सुरू झालं ते आता दोन्हीकडच्या कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. देव सगळं बघतो म्हणतात. त्या तीन दिवसांत त्यालाही डोळ्यांवर हात घ्यावासा वाटला असेल.

नात पत्र्याकडे झेपावली तसं एकाने तिला धक्का दिला. तिचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवईतून रक्ताची धार लागली. आजोबा उठले, तर डावऱ्याने टॉमी आडवी धरून त्यांना छातीवर दाबत परत बसवलं. बरगडीत कळ गेली. कुठली बरगडी, तेही त्यांना कळलं.

"म्हाताऱ्या, ओळखलंस ना," डावरा म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "हा माझा धाकटा भाऊ. ट्रक अंगावर घातला त्याच्या. पूल बंद आहे आणि दुसरं कुणी नाही, म्हणून आलोय, नाहीतर तुझ्या दारात थुंकायलासुद्धा आलो नसतो. माझा हात तू खाल्लास. याचा पाय गेला, तर तुझे दोन्ही हात या बाकावर ठेवून मी स्वतः मोडीन."

मग तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. चौघांनी पत्रा बाकासमोर जमिनीवर टेकवला. धाकटा तिशीचा, धिप्पाड गडी. दात इतके आवळलेले की गालाचे स्नायू उड्या मारत होते. बाहेर कुठेतरी काच फुटली आणि मघापासून किंचाळणारी एक बाई एकदम थांबली.

आता इथे आजोबा-नातीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

या घरात विद्या मारून दिली जायची. म्हणजे खरोखरच मारून. आजोबांच्या वडिलांनी त्यांना गाठ शिकवली तेव्हा समोर कामटी घेऊन बसायचे. गाठ सैल झाली की सपकन बोटांवर. त्यांचं म्हणणं असं की फटक्याशिवाय शिकलेलं हातात राहत नाही, पाण्यासारखं निथळून जातं. त्या गाठीला घरात मुकी गाठ म्हणत. पट्टी दोनदा पिळून, कामटीखालून घेऊन अशी आवळायची की रोगी आधी ओरडतो, मग कण्हतो, आणि मग गप्प होतो. रोगी गप्प झाला की गाठ बसली, असं समजायचं. मग तिला चार दिवस हात लावायचा नाही. साठ वर्षं आजोबांनी ती मारली. बहुतेकांची हाडं जुळली. काहींचे हात वाळले, बोटं वाकडी राहिली, आणि एकाचा हात गेला.

आपल्या मुलालाही त्यांनी कामटी मारूनच शिकवायला घेतलं. तो सोळाव्या वर्षी घरातून जो पळाला तो दूर कुठे वायरमन होऊन राहिला, आणि स्वतःच्या मुलीला शिकायला मात्र आजोबांकडे ठेवून गेला. नात घरात वाढली. तिच्यावर हात उगारायला आजोबांचं मन कधी झालं नाही, आणि मारायचं नाही तर शिकवायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून शिकवलंच नाही. ती दाराआडून बघायची. पुढे नर्सिंगला गेली, हाडांच्याच वॉर्डात लागली, आणि घरी आली की दोघांची जुंपायची. ती त्यांच्या कामट्यांना सरपण म्हणे. ते तिला डॉक्टरीणबाई म्हणत, आणि तुमच्यात म्हणे रोग्याला हात लावायच्या आधी चार फॉर्म भरावे लागतात, असं विचारत. दोघंही एकमेकांवर जीव टाकत आणि एकमेकांच्या विद्येला काडीची किंमत देत नसत.

त्या दुपारी नातीने भुवईवरचं रक्त दंडाने पुसलं, पत्र्याशी गुडघे टेकले आणि मोडलेल्या पायाच्या पावलावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवली.

"पाऊल गार आहे," ती आजोबांना म्हणाली. "नाडी लागत नाही. हाडाने रक्ताची वाट दाबलीय. वॉर्डात असते तर थेट ऑपरेशनला घेतलं असतं. इथे सरळ करावा लागेल, आत्ताच. आणि ते मला येत नाही."

शेवटचं वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. आजोबांनी ते ऐकलं, आणि एरवी त्यावर त्यांनी महिनाभर टोमणे मारले असते. पण त्यांचे हात आधीच पायाकडे गेले होते. त्यांनी डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं आणि कातडीखाली मोडलेली टोकं शोधायला लागले. बोटं अशी चालत होती जशी आंधळ्याची बोटं स्वतःच्या घरातल्या भिंतीवरून चालतात. नात बघत राहिली. वॉर्डात यासाठी एक्स-रे काढत. इथे म्हातारा डोळे मिटून सांगत होता की मोड तिरकी आहे, वरचं टोक आत सरकलंय, खालचं त्याच्यावर चढलंय, आणि एक बारीक कपची सुटून पोटरीकडे गेलीय.

"टाच धर," ते म्हणाले. "बोटं नको, टाच. आणि मनगटाने ओढू नकोस, कमरेने ओढ. मागे झुकायचं, बस. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, मी गप्प झालो तरी सोडायचं नाही."

चौघांपैकी दोघांनी धाकट्याचे खांदे दाबले. आजोबा त्याला गोष्ट सांगायला लागले. हीसुद्धा या घराचीच रीत, आणि ही मात्र देवाघरची देणगी म्हणावी अशी. रोग्याला गोष्ट सांगायची. ती जिथे वळण घेते तिथे माणूस क्षणभर दुखणं विसरतो, श्वास सोडतो, स्नायू सैल पडतात, आणि तोच क्षण हाडाचा. आजोबांनी त्याला एका ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली. तो म्हणे घाटात ब्रेक फेल झाल्यावर देवाला हाका मारत सुटला, देव खरंच येऊन शेजारच्या सीटवर बसला, आणि बसल्या बसल्या म्हणाला की बाबा रे, मला गाडी येत नाही. धाकट्याच्या तोंडून अर्धवट हसण्यासारखं काहीतरी फुटलं.

"आता," आजोबा म्हणाले.

नात मागे झुकली. आजोबांच्या अंगठ्यांनी आतलं टोक उचललं. हाडावर हाड घासल्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला, आणि खांदे दाबणाऱ्यांपैकी एक जण तिथेच कोपऱ्यात ओकला. धाकटा असा ओरडला की रस्त्यावरून पळणारी पावलंसुद्धा थांबली. लगेच खिडकीतून दगड आला, काच सांडली, एक तुकडा आजोबांच्या मानेत रुतला. ते हलले नाहीत. नात टाच सोडेना. दुसऱ्यांदा आवाज आला, या वेळी बारीक, खुंटी बसल्यासारखा, आणि पाय सरळ झाला.

नातीने एका हाताने टाच तशीच धरून दुसऱ्या हाताची बोटं घोट्याशी नेली. मग तिने आजोबांची तर्जनी ओढून त्याच जागी ठेवली.

"इथे. दाबू नका, नुसतं टेकवा."

साठ वर्षांत आजोबांनी हजारो पाय धरले होते. घोट्याच्या मागे त्या खळग्यात त्यांनी कधी बोट टेकवलं नव्हतं. तिथे काहीतरी हलत होतं. बारीक, चिकाटीने, पाखराच्या छातीसारखं. बोट काढायला त्यांना जरा उशीर झाला.

डावरा दारातून विचारत होता की झालं का. आजोबांनी सांगितलं की बसवलंय, आता बांधायचं राहिलंय. त्यांनी मानेतला काचेचा तुकडा उपटून टाकला, कामट्या घेतल्या, पट्ट्या घेतल्या आणि मुकी गाठ मारायला घेतली.

नात म्हणाली, सैल बांधा. कामट्यांखाली कापूस भरा, बोटं उघडी ठेवा, पाय सुजणार आहे, त्याला जागा ठेवा. आजोबांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्यांच्या बोटांत वडिलांची कामटी बसली होती. सैल म्हटल्याबरोबर त्या बोटांनी अजूनही फटक्याच्या भीतीने आवळलं. पट्टी दोनदा पिळली, कामटीखालून घेतली, ओढली. धाकटा ओरडला. आणखी ओढली. तो कण्हला. काही वेळाने कण्हणंही विरलं आणि त्याने मान टाकली.

"गप्प झाला," आजोबा समाधानाने म्हणाले.

नातीने पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं पडलं. पांढरंच राहिलं.

तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने हळू आवाजात, जवळजवळ त्यांच्या कानाशी, गाठ सोडा म्हणून सांगितलं. आजोबांनी कारण विचारलं. ते न सांगता ती पुन्हा म्हणाली, आजोबा, माझ्यासाठी सोडा. आजोबा हट्टाला पेटले. कारण सांग म्हणाले, विद्या आहे ना तुझ्याकडे, मग कारण सांग. साठ वर्षं मी हीच गाठ मारतोय.

ती कारण सांगू शकत नव्हती. कारण सांगायचं म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं, की तीस वर्षांपूर्वी तुझा हात हाडाने नेला नाही, देवाने नेला नाही, या गाठीने नेला. आणि न सांगायचं, तर संध्याकाळपर्यंत धाकट्याचा पाय त्याच वाटेने जाणार होता. तिने एकदा डावऱ्याच्या हातातल्या टॉमीकडे बघितलं. एकदा आजोबांच्या हातांकडे. ज्या हातांनी तिची वेणी घातली होती, त्या हातांकडे.

मग तिने बाकावरची एक अरुंद पट्टी उचलली, आजोबांचा डावा हात धरला आणि त्यांच्या करंगळीवर, बुडाशी, मुकी गाठ मारली. हुबेहूब. दोनदा पिळून, खालून घेऊन.

"तुला ही कुणी शिकवली," आजोबा थक्क होऊन म्हणाले.

"दाराआडून बघून," ती म्हणाली. "आता काही बोलू नका. फक्त बघा."

त्यांनी बघितलं. आधी करंगळी ठणकली. मग लाल झाली, मग जांभळी. टोकाशी आग आग झाली, जशी त्यांचे रोगी सांगत आणि ते ऐकत नसत. मग मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या आणि करंगळी लाकडाची झाली, दुसऱ्या कुणाचीतरी, आणि दुखायची थांबली. नातीने तिचं नख दाबून सोडलं. पांढरं, आणि पांढरंच. मग तिने त्यांच्या तर्जनीचं नख दाबलं, मोकळ्या बोटाचं. सोडल्याबरोबर गुलाबी रंग धावत परत आला.

आजोबांना ते बारा वर्षांचं पोर आठवलं. चार दिवसांत त्याची आई दोनदा दारात आली होती. पहिल्यांदा म्हणाली की पोराच्या बोटांची आग होतेय, रात्रभर रडतंय. त्यांनी तिला परत पाठवलं, रडकं आहे म्हणाले. दुसऱ्यांदा ती सांगायला आली की आता रडायचं थांबलंय, गप्प झोपलंय. तेव्हा त्यांनी तिला म्हटलं होतं की बघ, गाठ बसली.

ते बाकाचा आधार घेऊन उभे राहिले. त्यांनी पट्ट्या कापायची कात्री घेतली आणि धाकट्याच्या पायावरची गाठ कापून टाकली. पट्टी सुटताच धाकटा पुन्हा कळवळला, आणि आजोबांना त्या कळवळण्याइतकं गोड काही आजवर ऐकल्याचं आठवेना. नातीने लगबगीने कामट्यांखाली कापूस भरला, सैल वेढे घेतले, पायाखाली उशी सरकवली.

मग आजोबा डावऱ्याकडे वळले. नात नको नको म्हणून त्यांचा सदरा ओढत होती.

"तुझा हात चांगला होता," ते म्हणाले. "मी बसवलेलं हाडही चांगलं होतं. गाठीने मारला तुझा हात. माझ्या गाठीने. तुझी आई सांगायला आली होती आणि मला कळलं नाही. आज कळलं. या पोरीने शिकवलं."

डावऱ्याचा चेहरा आधी रिकामा झाला. तीस वर्षं तो कधी म्हाताऱ्याला, कधी नशिबाला शिव्या देत आला होता, खरं काय ते न कळता. नशीब असं समोर येऊन, म्हातारं होऊन, मानेतून रक्त गाळत उभं राहील, असं त्याला वाटलं नव्हतं. तो आला तो वादळासारखा. खांद्याने आजोबांना भिंतीवर आदळलं, गुडघा पोटात घातला. आजोबा खाली कोसळले. नात मध्ये पडली, तिला दोघांनी केसांना धरून मागे ओढलं. तिने एकाच्या हाताचा चावा घेतला, त्याने तिच्या तोंडात मारली. डावऱ्याने म्हाताऱ्याला मानगुटीला धरून बाकाशी ओढत नेलं आणि हात ठेव म्हणाला.

आजोबांनी उजवा हात बाकावर ठेवला. स्वतःहून. बोटं पसरून. आणि नातीला म्हणाले,

"डोळे मिटू नकोस. कुठे लागतं ते नीट बघ. नंतर तुलाच बसवायचं आहे."

टॉमी पडली. तिने डोळे मिटले नाहीत. तिने बघितलं की कांब मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मधल्या पेरांवर पडली, थोडी तिरकी. दोन्ही बोटं मागे उलटली. करंगळी वाचली, तर्जनी वाचली. आजोबांच्या तोंडून आवाज निघाला, पण तो माणसाचा नव्हता. डावऱ्याने टॉमी पुन्हा उचलली. डावा हात, म्हणाला. दोन्ही म्हणालो होतो.

"दादा."

पत्र्यावरून आवाज आला. धाकटा कोपरावर रेटून आपल्या पावलाकडे बघत होता.

"दादा, पायाला मुंग्या आल्यात. गरम लागतंय. बोटं हलतायत माझी, बघ की."

डावऱ्याने बघितलं. पायाची पाची बोटं, अंगठ्यापासून, एकापाठोपाठ हलत होती. टॉमी डोक्यावर तशीच होती. त्याची पिन लावलेली बाही थरथरायला लागली. तिच्या आत नसलेली बोटं अजूनही दुखत असत, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग टॉमी हातातून गळाली आणि फरशीवर वाजली. त्याने माफ केलं नाही. तसं म्हणणं खोटं होईल. त्याला फक्त दुसरा हात मोडता आला नाही. देव कधी कधी एवढंच करतो, आणि तेवढंही पुष्कळ असतं.

माणसांनी नातीचे केस सोडले. ती तोंडातलं रक्त थुंकून आधी आजोबांकडे नाही, डावऱ्याकडे गेली.

"इकडे ये," ती म्हणाली. "हे नख दाब. सोड. रंग परत आला? किती वेळात आला? दर पाव तासाने हेच करायचं. रंग यायला उशीर झाला, किंवा हा दुखायचं सोडून एकदम गप्प झाला, तर मला हाक मार. पूल सुटला की इस्पितळ. तोवर ही नोकरी तुझी."

डावरा मुकाट भावाच्या पावलाशी बसला आणि आपल्या एकुलत्या हाताच्या अंगठ्याने नख दाबायला लागला. दाबायचा, सोडायचा, बघायचा. पाव तास कसला, मिनिटाला दाबत होता.

नात आजोबांजवळ जमिनीवर बसली. सगळ्यात आधी तिने त्यांच्या डाव्या करंगळीवरची पट्टी कापली. मग तिने उजवा हात मांडीवर घेतला. मधलं बोट मागे उलटून निखळलं होतं, त्याच्या शेजारचं मोडून निखळलं होतं. सूज चढत होती. ती म्हणत होती की इस्पितळात नेऊ, पूल सुटू दे.

"पूल कधी सुटेल," आजोबा कण्हत म्हणाले. "सुजल्यावर बसत नाहीत. आत्ता. आधी टोक धर, आणि आहे त्याच दिशेने आणखी थोडं मागे ने. हो, मागेच. वाकडं आहे तसंच आधी लांब करायचं, मग वळवायचं. लोक घाईत सरळ करायला जातात आणि वाट लावतात. खांद्याची ताकद नको. तुझा अंगठा पेराच्या मागे. सापडली का कड?"

तिने डोळे मिटले. बोटं चालवली. सूज आणि कातडीखाली तिला एक बारीक कड लागली, जिथे ती नसायला हवी होती. वॉर्डात सहा वर्षं काढून तिने हे कधी हाताने बघितलं नव्हतं. तिने मान हलवली.

"मग गोष्ट सांग," आजोबा म्हणाले. "नुसतं ओढशील तर मी ताठणार. म्हातारा झालो म्हणून काय, दुखतंच."

तिने ट्रकवाल्याची सुरू केली. आजोबा म्हणाले, ही मघाचीच, नको. तिने दुसरी सुरू केली, तर ती त्यांनीच तिला लहानपणी सांगितलेली होती, आणि कुठे वळणार ते त्यांना पाठ. तिसरीचंही तेच. तिच्याकडच्या सगळ्या गोष्टी त्यांच्याच होत्या. त्या ऐकून त्यांचा स्नायू तसूभरही सैल पडणार नव्हता. ती थांबली. तिच्या भुवईतून रक्ताचा एक थेंब त्यांच्या तळव्यावर पडला.

"आजोबा," ती म्हणाली, "मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पहिली आले म्हणून तुम्ही सगळ्या गल्लीचं तोंड गोड केलंत, आठवतं?"

"न आठवायला काय झालं. आठ दिवस सांगत फिरत होतो."

"मी नापास झाले होते. एकाच विषयात."

"कुठल्या?"

"हाडांच्या."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. हाडवैद्याची नात. हाडवैद्याच्या मुलाची मुलगी. त्यांच्या बरगडीत कळ होती, मानेतून रक्त वाहत होतं, आणि तरीही पोटातून काहीतरी वर आलं, आवरेना, आणि ते खो खो हसत सुटले. श्वास सुटला. तिने टोक मागे नेलं, लांब केलं, अंगठ्याने कड ढकलली. टक् असा आवाज आला. हसू मध्येच तुटलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बोट सरळ झालं होतं.

दोघंही काही वेळ धापा टाकत बसली. दारातून धूर आत येत होता. डावऱ्याने मान वर न करता सांगितलं की रंग येतोय, लगेच येतोय.

नातीने पट्टी घेतली. आजोबांनी तिला कापूस जास्त घ्यायला सांगितला. सैल बांध, म्हणाले. आणखी सैल. नख उघडं ठेव. तिने बांधलं. मग आजोबांनी डाव्या हाताने, जरा भीत भीतच, त्या बोटाचं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं पडलं. गुलाबी रंग कडेकडेने परत आला, सावकाश, पण आला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा आला. नवं खेळणं मिळाल्यासारखे ते चार वेळा तेच करत राहिले.

"अजून एक बोट आहे," नात म्हणाली.

आजोबांनी हात तिच्या मांडीवर नीट ठेवला.

"मग सांग दुसरी," ते म्हणाले. "आणखी कशाकशात नापास झाली होतीस?"